मापाऱ्याची गाडी

महागावच्या बाजार समितीत पुंडलिकराव मुनेश्वर गेली एकतीस वर्षं मापारी आहेत. मापारी म्हणजे शेतकऱ्याचं सोयाबीन, तूर, चणा काट्यावर चढवून तोलणारा आणि पोत्यांची गिनती मोठ्यानं बोलणारा माणूस. आता काटे विजेवरचे आले, आकडे लाल अक्षरांत आपोआप उमटतात, पण गिनती तोंडानंच करावी लागते. आणि ही गिनती एकपासून कधीच सुरू होत नाही. पहिलं पोतं उचललं की मापारी म्हणतो, ‘लाभ’. मग दोन, मग तीन. एक म्हटलं की रास तिथंच अडते, असं जुने लोक सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. पण एकतीस वर्षांत पुंडलिकरावांच्या तोंडून काट्यापाशी ‘एक’ हा शब्द कोणी ऐकलेला नाही.

त्यांची बायको भागीरथा यावरून त्यांची भारी मजा घ्यायची. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती. मुहूर्त नाही, पंचांग नाही, मांजर आडवं गेलं तर ही माणसं मांजरालाच विचारतील की बाई, तुला उशीर तर नाही ना झाला. असल्या घरातला माणूस एक म्हणायला कचरतो म्हणजे काय!

“तुम्ही तं देव मानत नाई,” ती म्हणायची, “मंग एक म्हणाले काहून भेता?”

पुंडलिकराव सांगायचे की हा देवाचा विषय नाही, यार्डाची रीत आहे, आणि ज्या कामावर चूल पेटते त्याची रीत मोडू नये. ती नुसतं “हं” म्हणायची. त्या ‘हं’पुढे आजवर कोणता नवरा जिंकला आहे?

भागीरथा मार्च महिन्यात गेली. आता दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते.

पुंडलिकरावांचं गाव धारखेड, महागावहून दहा किलोमीटर. पहिले तीन किलोमीटर डांबर आहे. पुढचे सात किलोमीटर काय आहे ते सांगायला शब्द नाही. रस्ता मंजूर झाला म्हणून गिट्टी अंथरली, गिट्टी अंथरून माणसं गेली ती गेली, दोन पावसाळे त्यावरून वाहून गेले. आता मुरूम खाली आणि दगड वर. या रस्त्यानं दूध नेलं तर महागावला पोचेपर्यंत लोणी निघतं, असं धारखेडचे लोक म्हणतात. ही थाप असेल, पण गरोदर बायकांना इथले लोक सातव्या महिन्यातच माहेरी पाठवतात, ती थाप नाही.

या रस्त्यावरून पुंडलिकरावांची काळी मोटारसायकल चौदा वर्षं रोज जात-येत होती, आणि चौदा वर्षं तिच्या मागच्या सीटवर भागीरथा होती. ती महागावच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. सकाळी दोघं सोबत निघत, संध्याकाळी सोबत परत. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर पिशवी, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. खड्डा आला की खांद्यावर दोन बोटं वाजवायची. नवऱ्याला डोळे आहेत, त्याला खड्डा दिसतो, हे तिला चौदा वर्षांत कोणी पटवून देऊ शकलं नाही. नाल्याच्या पुलावरचा मोठा खड्डा यायचा तेव्हा ती चारही बोटं वाजवायची आणि वरून “अवो!” म्हणायची.

अंगानं ती भरलेली होती. किती, हे पुंडलिकरावांना पक्कं माहीत होतं, कारण लग्नानंतर काही वर्षांनी एका सुटीच्या दिवशी तिला यार्ड दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी तिला काट्यावर उभं केलं होतं. एकाहत्तर किलो. तिनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी अट घातली की हा आकडा गावात गेला तर याद राखा. आकडा गावात गेला नाही. पुंडलिकराव तसे पोटात ठेवणारे. शिवाय आकड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पोतं नुसतं कान धरून उचललं तरी ते सांगत की अर्धा किलो कमी आहे. काट्यावर टाकलं तर अर्धा किलोच कमी निघायचं. शेतकरी म्हणत, काटा चुकन पण पुंडलिकभाऊचा हात चुकणार नाही.

भागीरथा गेल्यावर घर एकदम मोठं झालं. दोन खोल्यांचं घर ते, मोठं कुठून होणार? पण झालं. कणीक भिजवताना हात दोघांची घ्यायचा आणि उरलेल्या पोळ्या सकाळी चहासोबत खाव्या लागायच्या. पुण्याला राहणारी त्यांची लेक निकिता रोज आठ वाजता फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते. तिचीही नोकरी, तिचाही संसार, तिला बोल लावून काय उपयोग. फोन ठेवला की पुंडलिकराव टीव्ही लावत आणि आवाज बंद करून बसत. दिवसभर यार्डात शंभर माणसांत ओरडणारा हा माणूस घरी आल्यावर सकाळपर्यंत तोंड उघडायचा नाही. त्यांना फार एकटं वाटायचं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, कारण ज्या माणसाला असल्या गोष्टी सांगायच्या तेच माणूस नव्हतं.

त्यात गाडी उडायला लागली.

तशी ती भागीरथा होती तेव्हाच शेवटी शेवटी थोडी उडायची, पण आता तर तिनं ताळच सोडला. गिट्टीवर चढली की मागचं चाक असं आपटायचं की कमरेतून कळ थेट डोक्यात जायची. पुंडलिकराव टाकीला चिकटून बसत. मागची अर्धी सीट रिकामी ठेवायची सवय सुटली नव्हती. डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला आणि सांगितलं की मणक्यात गादी झिजली आहे, त्या रस्त्यावर दुचाकी बंद करा. बंद करा म्हणायला काय जातं? धारखेडला एसटी एकदाच येते, आणि तीही तिची मर्जी असेल तर.

एकदा मात्र नवल झालं. शेजाऱ्यानं गुरांसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं आणायला सांगितलं होतं. पुंडलिकरावांनी ते मागच्या सीटवर आवळून बांधलं आणि निघाले, तर गाडी कशी पाण्यावरून चालल्यासारखी गेली. घरी येऊन त्यांनी शेजाऱ्याला विचारलं की रस्त्यावर रोलर फिरवला का काय. शेजारी हसला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा उडायला लागली, आणि पुंडलिकरावांनी रस्त्याला आणि गाडीला दोघांनाही शिव्या घातल्या.

दिवाळीला निकिता आली. बाप भिंतीला धरून उठतो हे तिनं पाहिलं आणि निघायच्या दिवशी तिनं निकाल सांगितला.

“बाबा, हा रस्ता सहन करेल अशी नवी गाडी घ्या, मी घेऊन देते. नाही तर घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला. महिना संपायच्या आत ठरवा.”

पुंडलिकराव पुण्याला एकदा बारा दिवस राहून आले होते. लिफ्ट, बंद दारं, आणि दारांमागे आपापल्या मोबाइलात बुडालेली भली माणसं. करमेना म्हणून खाली भाजीच्या गाडीवर गेले आणि त्या माणसाला सांगितलं की भाऊ, तुझा काटा वीस ग्रॅम मारतो. बाचाबाची झाली, जावयाला खाली यावं लागलं, निकिता लाजेनं चूर झाली. तिथं जाऊन राहायचं म्हणजे कोणासाठी काही तोलायचं नाही, कोणी पुंडलिकभाऊ म्हणून हाक मारायची नाही, आणि भागीरथेनं सारवलेलं, तिनं खिळे ठोकलेलं घर कुलपात. नको. काहीही झालं तरी नको. तेव्हा गाडी शोधणं भाग होतं, आणि ती अशी हवी होती की कंबर टिकली पाहिजे. गाडी मिळाली तर धारखेड, नाही तर पुणे.

पुसदच्या शोरूममध्ये रजत नावाचा तरतरीत पोरगेला सेल्समन होता. त्यानं पाणी दिलं, काका-काका केलं आणि कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली. रोज किती किलोमीटर, रस्ता कसा, सामान किती. मग विचारलं, “काका, गाडीवर जण किती?”

“दोन,” पुंडलिकराव म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि मग त्यांना समजलं आपण काय बोललो ते. रजतनं दोन लिहिलंही होतं. आता कशाला खोडायला लावा म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.

रजतनं आधी स्कूटर दाखवली. दिसायला देखणी, पण चाकं केवढीशी! आमच्या रस्त्याच्या खड्ड्यात हे चाक गेलं तर वर यायच्या आधी दुसरा खड्डा येतो, असं पुंडलिकरावांनी सांगितलं. मग उंच गाडी आली, डोंगरात फिरायची. तिच्यावर चढायला स्टूल लागलं असतं आणि चढल्यावर पाय लोंबकळले असते. हिच्यावर तिला एका बाजूनं बसताच येणार नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तिसरी गाडी साधी होती. मोठी चाकं, सरळ सीट, मागे मजबूत कॅरिअर. पुंडलिकरावांनी खाली वाकून चाक आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घालून पाहिली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात तिथं भरते आणि चाक जाम होतं, मग माणूस काडी घेऊन रस्त्यात उकरत बसतो. इथं चार बोटं आरामात जात होती. हे पाहणारं गिऱ्हाईक रजतला पहिल्यांदाच भेटलं असावं.

चालवून पाहायला रजतनं डांबरी रस्ता दाखवला. पुंडलिकराव म्हणाले की डांबरावर तं झोपायची बाजही धावते. त्यांनी गाडी शोरूममागच्या उखडलेल्या वाटेला घातली, रजत मागून ओरडतच राहिला. आणि गाडी उडाली नाही. दगड आले, घळी आल्या, गाडी नुसती हलून पुढे जात होती. पुंडलिकराव परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. सोमवारी जुनी गाडी बदल्यात द्यायची आणि नवी न्यायची, असं ठरलं. संध्याकाळी निकिताला सांगितलं तर तीही खूश झाली.

रविवारी ते जुनी गाडी घेऊन बाबूसिंगच्या गॅरेजवर गेले. बाबूसिंग राठोड महागावचा जुना मिस्त्री, गाडी नवी होती तेव्हापासून तिला हात लावणारा. पुंडलिकरावांचं काम लहान होतं. मागच्या चाकाशेजारचा साडीगार्ड आणि त्याखालची पाय ठेवायची पट्टी तेवढी काढून द्यायची, बाकी गाडी सोमवारी जाऊ दे. पट्टीचं रबर एका कडेला टाचेनं झिजलेलं होतं. बाबूसिंगनं विचारलं याचं काय करता, तर म्हणाले, लोखंड आहे, कामाला येईल. बाबूसिंगनं पुढे विचारलं नाही. त्याला दोन गोष्टी कळतात, इंजिन आणि माणूस, आणि दोन्ही उगाच उघडायची नाहीत हेही कळतं.

पण गाडी विकायचं कारण त्यानं विचारलंच. उडते, पुंडलिकराव म्हणाले, कंबर मोडली. बाबूसिंग किल्ली घेऊन मागच्या कच्च्या रस्त्यानं एक चक्कर मारून आला. उतरला, मागच्या शॉकअपपाशी उकिडवा बसला आणि बोटानं धूळ पुसून बराच वेळ पाहत राहिला.

“भाऊ,” तो म्हणाला, “मांगं कोन बसते आता?”

“कोन बसन? कोनीच नाई.”

बाबूसिंगनं त्यांना खाली बसवून दाखवलं. शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडी असते आणि त्या कडीला पाच खाचा. पहिली खाच एकट्या माणसासाठी, पाचवी भरल्या वजनाच्या दोघांसाठी. चौदा वर्षांपूर्वी, वयनी रोज मागं बसतात म्हणून, त्यानंच कडी पाचव्या खाचेवर आवळून दिली होती. मागं वजन आहे तोवर ती स्प्रिंग दबते आणि गाडी बसून चालते. वजन नसलं की दबत नाही, नुसती फेकते. गाडीत काही बिघाड नव्हता. नवी गाडी नरम लागली कारण कंपनीतून ती पहिल्या खाचेवरच येते. दोन मिनिटांचं काम होतं, बाबूसिंग म्हणाला, वाकडा पाना लावून फिरवायचं.

पुंडलिकराव त्या कडीकडे पाहत होते. ढेपेचं पोतं आठवलं. पोतं सत्तर किलोचं होतं. मग त्यांना आणखी काही आठवलं आणि ते खालीच बसून राहिले.

“बाबूसिंग,” ते म्हणाले, “गेल्या साली उन्हाळ्यात मी तुयाकडे आलतो. गाडी उडून राह्यली म्हणून.”

आले होते. बाबूसिंगनं तेव्हा शॉकअप उघडून पाहिले होते, रबरं बदलली होती, दोष काही सापडला नव्हता. रस्ताच खराब झाला भाऊ, असं सांगून पाठवलं होतं.

“तवा तं तुयी वयनी मांगं बसे. रोज बसे.”

बाबूसिंगनं मान खाली घातली.

आता ज्यानं आयुष्यभर तोलण्याशिवाय काही केलं नाही त्याला हा हिशेब कोणी शिकवावा? मागं भागीरथा होती आणि तरी गाडी उडत होती. म्हणजे मागं एकाहत्तर किलो नव्हते. साठ असतील, पंचावन्न असतील. त्याच उन्हाळ्यात ती म्हणाली होती की पोलके ढिले होऊन राह्यले, आणि पुंडलिकरावांनी थट्टा केली होती की बरंच आहे, पेट्रोल वाचते. तीही हसली होती. सप्टेंबरात पोटात दुखायला लागलं तेव्हा यवतमाळला नेलं, आणि डॉक्टर म्हणाले होते की तीन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तीन महिने आधी म्हणजे हाच उन्हाळा. गाडी रोज सांगत होती. पोत्यातला अर्धा किलो ज्याच्या हाताला कळायचा, त्याच्या पाठीशी बसलेलं माणूस किलो-किलोनं कमी होत गेलं आणि तो रस्त्याला शिव्या देत राहिला.

“मले नाई समजलं,” पुंडलिकराव म्हणाले. “बाबूसिंग, मले नाई समजलं रे.”

त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आठ महिन्यांत ते कोणासमोर रडले नव्हते. बाबूसिंगनं गॅरेजपुढं आलेल्या एका गिऱ्हाइकाला हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. तो बाजूला बसून राहिला. मी बी गाडी पाह्यली, वयनीले नाई पाह्यलं, असं तो हळूच म्हणाला. चहा मागवला, तो थंड झाला, कोणी प्यायलं नाही.

बऱ्याच वेळानं पुंडलिकरावांनी तोंड पुसलं आणि सांगितलं की साडीगार्ड राहू दे, पट्टी राहू दे, गाडी द्यायची नाही. बाबूसिंगनं मान हलवली आणि पाना घेतला. कडीला लावला. आणि मग, मिस्त्री विचारतो तसंच, त्यानं विचारलं की किती जणांसाठी लावू.

विचारून झाल्यावर त्याला वाटलं, विचारायला नको होतं. पण पुंडलिकराव विचार करत होते. यार्डात पहिलं पोतं काट्यावर चढतं तेव्हा सगळे मापाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात, तसा बाबूसिंग त्यांच्याकडे पाहत राहिला.

“एक,” पुंडलिकराव म्हणाले.

बाबूसिंगचा भाऊ दरसाल यार्डात सोयाबीन आणतो. हा शब्द या माणसाच्या तोंडून निघत नाही हे बाबूसिंगला माहीत होतं. त्यानं कडी फिरवली. टक, टक, करत ती पाचवरून चारवर, तीनवर, दोनवर आणि शेवटी पहिल्या खाचेवर आली. मग दुसऱ्या बाजूची.

धारखेडच्या वाटेला गाडी उडाली नाही. गिट्टीवरून ती गुमान चालली, कंबरेला झळ लागली नाही. नाल्याचा पूल आला तेव्हा पुंडलिकरावांनी सवयीनं खांदा थोडा उचलून धरला, खड्ड्यातून गाडी नरम उतरली, नरम चढली, आणि ते खांदा खाली घेऊन पुढे गेले.

आठ वाजता निकिताचा फोन आला. उद्या किती वाजता निघता, कोणता रंग घेताय, असं ती विचारत होती. पुंडलिकरावांनी सांगितलं की नवी घेत नाही, जुनीच नीट झाली, आता मी इथंच राहतो. तिला पटेना. एवढी कंबर जात होती, तर बिघाड तरी काय होता?

“शॉकअप मांगच्या वजनावर लावेल होता,” ते म्हणाले. “ढिला केला.”

“बस, एवढंच होतं बाबा?”

“हो,” पुंडलिकराव म्हणाले. “एवढंच होतं.”